चेहरा झाकता येतो, घर कसं झाकणार?

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे १९७०च्या दशकात अमेरिकेत एफबीआय ज्यांच्या मागावर होती अशा भूमिगत क्रांतिकारी गटावर डॉक्युमेंटरी झाली होती ती नेमकी कशी शूट केली, आणि दुसरं म्हणजे आज आपल्याकडे कुणाला लपून राहणाऱ्या माणसांवर फिल्म करायची असेल तर चेहरा ब्लर करून भागतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, नाही भागत. का नाही ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच येतं, म्हणून जरा लांबण लागेल, वेळ काढून वाच. मी मूळची एडिटर, पंचवीसेक वर्षं डॉक्युमेंटरीच कापतेय, त्यातली शेवटची दहा वर्षं स्वतःचं थोडंफार शूटही करते, त्यामुळे माझं सगळं बोलणं एडिट टेबलवरून आहे असं समज.

आधी ती माणसं कोण ते थोडक्यात. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात अमेरिकेत विद्यार्थ्यांची एसडीएस नावाची मोठी संघटना होती, १९६९च्या जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात ती फुटली आणि त्यातून जो कडवा गट निघाला तो पुढे वेदर अंडरग्राउंड म्हणून ओळखला गेला. ६ मार्च १९७० ला न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका घराच्या तळघरात बॉम्ब बनवताना तो तिथंच फुटला आणि त्यांचेच तिघे गेले, टेड गोल्ड, डायना ऑटन आणि टेरी रॉबिन्स. घर गटातल्याच कॅथी विल्करसनच्या वडिलांचं होतं. ती आणि गटातलीच कॅथी बुडिन ढिगाऱ्यातून बाहेर पडल्या आणि गायब झाल्या. त्यानंतर अख्खा गट भूमिगत. त्यांच्यातल्या बर्नार्डिन डॉर्नचं नाव त्याच वर्षी एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेडच्या यादीत लागलं. मग १९७१ मध्ये कॅपिटॉल म्हणजे त्यांचं संसद भवन, १९७२ मध्ये पेंटॅगॉन हे लष्करी मुख्यालय, १९७५च्या जानेवारीत परराष्ट्र खातं, असे स्फोट होत राहिले, आधी फोन करून इशारा द्यायचा आणि इमारत रिकामी असताना उडवायची ही त्यांची नंतरची पद्धत. पाच वर्षं एफबीआयला त्यांच्यातलं कुणी मोठं हाती लागलं नाही.

आता एमिल डी अँटोनियो. हा माणूस तुमच्या कोर्समध्ये शिकवत नसतील तर शोधून बघ. कॉमेंट्री न वापरता, नुसत्या जुन्या फुटेजच्या कापाकापीवर युक्तिवाद उभा करणारा. जिकडे तिकडे कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या सुनावण्यांच्या टीव्ही रेकॉर्डिंगमधून त्याने १९६४ मध्ये अख्खी फिल्म उभी केली होती, स्वतः एक फूटही शूट न करता. राष्ट्राध्यक्ष निक्सनवर १९७१ मध्ये फिल्म केली तेव्हा व्हाइट हाऊसच्या नजरेत आला. १९७४ मध्ये वेदरवाल्यांनी चोरून छापून वाटलेलं पुस्तक त्याच्या हाती आलं आणि याला वाटलं की यांच्यावर फिल्म व्हायला हवी, निरोप गेले, भेटी झाल्या, आणि १९७५च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या एका घरात तीनेक दिवस शूट झालं. क्रू किती? तिघं. डी अँटोनियो स्वतः, कॅमेऱ्यावर हॅस्केल वेक्सलर (ऑस्कर मिळालेला, हॉलिवूडमधला मोठा माणूस), आणि साउंडला मेरी लँपसन, तीच पुढे एडिटर. समोर पाचजण, डॉर्न, बिल एअर्स, जेफ जोन्स, बुडिन आणि विल्करसन. फिल्म १९७६ मध्ये आली, नाव अंडरग्राउंड.

शहर कुठलं ते लक्षात घे. बरोबर वर्षभर आधी, १७ मे १९७४ ला, याच लॉस एंजेलिसमध्ये एसएलए नावाच्या दुसऱ्या एका सशस्त्र गटाच्या घराला पोलिसांनी वेढा घातला होता, गोळीबार झाला, घर पेटलं, आतले सहाही जण मेले आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह दाखवलं गेलं. म्हणजे कॅमेरा घेऊन त्या घरात जाणाऱ्या तिघांना आणि समोरच्या पाचांना हे काय वळण घेऊ शकतं याची पक्की कल्पना होती.

चेहऱ्यांचं काय केलं? मधे झिरझिरीत कापड लावलं आणि त्यातून शूट केलं. नाटकवाल्यांना हा प्रकार माहीत असतो, अशा कापडावर पुढून प्रकाश टाकला की ते भिंतीसारखं होतं, मागचं उजळलं की कापडच नाहीसं होतं, आणि या दोन्हीच्या मधे कुठेतरी अशी जागा असते जिथे माणूस आहे हे कळतं, हात हलताना कळतो, मान झुकलेली कळते, पण नाक डोळे लागत नाहीत. ती जागा हातात कॅमेरा धरून टिकवणं हे वेक्सलरचं काम. फिल्म बघताना सुरुवातीला वैताग येतो, पंधरा मिनिटांनी आपण आवाजाकडे वळतो. आणि आवाज त्यांनी बदललेलेच नाहीत! तुझ्या प्रश्नाचा अर्धा उलगडा इथे आहे. हे कोण आहेत हे एफबीआयला ठाऊक होतंच, पोस्टाच्या भिंतींवर फोटो लागले होते. लपवायचं होतं ते आत्ताचं रूप, केस कसे, चष्मा आहे का, वजन किती, म्हणजे शेजारच्या किराणावाल्याने बघितलं तर ओळखू येऊ नये एवढंच. तर पहिलं काम हे, की आपण नक्की काय लपवतोय ते कागदावर लिहायचं. ओळख? सध्याचं रूप? ठिकाण? सोबतची माणसं? प्रत्येकाचा उपाय वेगळा. सगळ्यांवर एकच ब्लर टाकणारा माणूस मला भेटला की मी समजते याने विचार केलेला नाही.

दुसरा शॉट आरशाचा. मला हा अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅमेरा आरशात बघतोय, आणि आरशात दिसतात त्या पाचजणांच्या पाठी नि डोक्यांचे मागचे भाग, आणि त्यांच्या समोर बसलेला क्रू, वेक्सलर कॅमेरा खांद्यावर घेऊन, डी अँटोनियो, लँपसन. म्हणजे ज्यांचे चेहरे दाखवता येत नाहीत ते पाठमोरे आणि ज्यांना लपायची गरज नाही ते उघड्या चेहऱ्याने. युक्ती म्हणून तर छानच आहे पण त्याहून मोठं म्हणजे तो क्रू स्वतःची सही करतोय, की आम्ही इथे होतो, हे आम्ही विचारलं, याची जबाबदारी आमची. आपल्याकडे लपलेल्या माणसाची मुलाखत दाखवताना काळी आकृती आणि मागे भीतीदायक म्युझिक टाकतात, आणि प्रश्न विचारणारा मात्र कुठेच नाही, मग ती मुलाखत आकाशातून पडल्यासारखी वाटते. तू असं काही केलंस तर तू फ्रेममध्ये रहा. निदान तुझा आवाज तरी ठेव, तुझे प्रश्न कापू नकोस.

एक तांत्रिक गोष्ट जी आजच्या पोरांच्या लक्षात येत नाही. ते शूट १६ एमएम फिल्मवर होतं. चारशे फुटांचं मॅगझीन, म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा फिल्मचा डबा, अकरा मिनिटांत संपतं, मग थांबायचं, बदलायचं, पुन्हा सुरू. त्या थांबण्यात समोरच्या माणसाला श्वास मिळतो, मी काय बोललो, जास्त तर बोललो नाही ना, हे मनात फिरवायला वेळ मिळतो. आज तुझ्या कार्डवर चार तास बसतात. दोन तासांनी माणूस कॅमेरा विसरतो आणि सहज बोलता बोलता पुतणीच्या शाळेचं नाव घेतो, डॉक्टर कुठल्या गावचा ते सांगतो. आपल्याला शिकवलेलं असतं की कॅमेरा विसरायला लावणं हेच खरं कौशल्य, पण अशा माणसासमोर ते कौशल्य वापरायचं नाही. मी आता मुद्दाम दर दहा-बारा मिनिटांनी कट म्हणते, पाणी देते आणि विचारते, यातलं काही काढायचंय का? त्याने हो म्हटलं तर तिथल्या तिथे, त्याच्यासमोर.

आता रॉ फुटेज, म्हणजे शूट केलेलं सगळं न कापलेलं, जो खरा काळजीचा विषय. शूटनंतर काही आठवड्यांतच एफबीआयला वास लागला आणि १९७५च्या जूनमध्ये तिघांना लॉस एंजेलिसच्या फेडरल ग्रँड ज्युरीचे समन्स आले, या आणि येताना फिल्म, साउंड टेप सगळं घेऊन या. (ग्रँड ज्युरी म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणारं मंडळ, त्याच्यासमोर गप्प राहिलं तर कोर्टाचा अवमान म्हणून थेट जेल होऊ शकते.) कायदा त्यांच्या बाजूने नव्हता, हे नीट समजून घे. तीनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, ब्रँझबर्ग खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला होता की ग्रँड ज्युरीसमोर साक्ष नाकारायचा खास हक्क पत्रकाराला राज्यघटना देत नाही. तरी तिघांनी नाही म्हटलं. आणि मग हॉलिवूडमधले लोक उघडपणे त्यांच्या मागे उभे राहिले, वॉरन बेटी, जॅक निकल्सन, शर्ली मॅक्लेन, मेल ब्रूक्स अशी नावं होती पाठिंब्याच्या पत्रकावर. हवाही तशी होती, निक्सनला घालवणारं वॉटरगेट प्रकरण होऊन गेलं होतं, सीआयए-एफबीआयच्या भानगडींची चौकशी करणारी सिनेटर फ्रँक चर्चची समिती त्याच वर्षी बसली होती. सरकारने समन्स मागे घेतले. फुटेज गेलं नाही.

याचा अर्थ ‘ठाम राहिलं की सुटतो’ असा काढू नकोस, कृपा करून. त्यांच्यामागे नावं होती, पैसा होता, वकील होते आणि वेळ अनुकूल होती. तुझ्याकडे यातलं काय आहे? आपल्याकडे प्रेस कौन्सिल कायद्यात सोर्सचं नाव न सांगण्याबद्दल एक कलम आहे खरं, १९७८चा कायदा, पण ते कौन्सिलसमोरच्या कामापुरतं, पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या पुढ्यात ती ढाल चालत नाही. आणि आरोपीला आसरा देणं हा गुन्हा आहे, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली तर फारच गंभीर. मुलाखत घेणं म्हणजे आसरा देणं नव्हे, पण तू त्याला गाडीत बसवून कुठे सोडलंस, खोलीचं भाडं दिलंस, की ती रेषा कुठे ओलांडली गेली हे नंतर दुसरे लोक ठरवतात. म्हणून शूटच्या आधी वकील. शूटनंतर नव्हे, आधी. आणि वकिलाने नको म्हटलं तर नको.

१९७५चा जून म्हटला की आपल्याला दुसरंच आठवतं ना. तिकडे समन्स निघाले त्याच महिन्यात, २५ तारखेला, इकडे आणीबाणी लागली. आनंद पटवर्धननी बिहारच्या जेपी आंदोलनावर फिल्म केली होती, क्रांती की तरंगें, ती पूर्ण होते न होते तोच ही वेळ आली आणि फिल्मच भूमिगत झाली. प्रिंटचे तुकडे करून ते वेगवेगळ्या माणसांबरोबर देशाबाहेर पाठवले आणि परदेशात पुन्हा जोडले. मृणालताई गोरे त्या वर्षी काही महिने भूमिगत राहून काम करत होत्या, मग पकडल्या गेल्या. तेव्हा हा विषय परक्यांचा आहे असं समजायचं कारण नाही, आपल्या घराघरात कुणीतरी कुणालातरी लपवलेलं आहे.

आता जे मला त्या अमेरिकन फिल्ममध्ये खटकतं ते. त्या फिल्ममध्ये प्रेम फार आहे. डी अँटोनियो त्यांच्या बाजूचा होता, त्याने ते कधी लपवलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाजूचा माणूस म्हणूनच कठीण प्रश्न विचारायचा हक्क त्याच्याकडे जास्त होता. ग्रीनिच व्हिलेजच्या तळघरात जे बनत होतं त्यात खिळे भरलेले होते, ते न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीतल्या नाचाच्या कार्यक्रमासाठी होतं, तिथे सैनिक त्यांच्या मैत्रिणी-बायकांबरोबर असणार होते. बॉम्ब त्यांच्याच हातात फुटला म्हणून ते लोक वाचले. हे समोर ठेवून ‘तुम्ही ते केलं असतं का’ हा प्रश्न जितका तासून विचारायला हवा होता तितका विचारला गेला नाही, असं मला दर वेळी वाटतं. पुढे काय झालं बघ. फिल्म आल्यावर वर्षभरात गटातच फूट पडून तो विरत गेला. डॉर्न आणि एअर्स १९८०च्या डिसेंबरमध्ये हजर झाले. त्यांच्यावरचे बरेचसे मोठे खटले टिकलेच नाहीत, कारण एफबीआयनेच त्यांच्या नातेवाइकांच्या घरात चोरून शिरणं वगैरे बेकायदा प्रकार केले होते, त्याबद्दल दोन बड्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली आणि राष्ट्राध्यक्ष रेगननी १९८१ मध्ये त्यांना माफी दिली. पण कॅथी बुडिन हजर झाली नाही, भूमिगतच राहिली. २० ऑक्टोबर १९८१ ला न्यूयॉर्कजवळ नॅन्युएटला ब्रिंक्स कंपनीच्या पैशांच्या गाडीवर दरोडा पडला, तिथे एक गार्ड आणि पुढे न्याकच्या नाकाबंदीत दोन पोलीस मेले, आणि ती न्याकला पकडली गेली. मेलेल्यांपैकी वेव्हर्ली ब्राउन हा न्याक पोलिसातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. वर्णद्वेषाविरुद्ध लढायला निघालेल्यांच्या वाटेचा शेवट तिथे झाला. आता पुन्हा ती १९७६ची फिल्म बघ, पडद्यामागची तिची सावली, तिचा आवाज. आपण ज्याला शूट करतो त्याचं पुढचं आयुष्य आपल्या फिल्मला चिकटतं, ते आपल्या हातात नसतं.

म्हणून सॅम ग्रीन आणि बिल सीगल यांची २००२ची फिल्म याच गटावर आहे ती लगोलग बघ. तीच माणसं, उघडे चेहरे, पांढरे केस, आणि आता त्यांच्यातच मतभेद. गटातलाच मार्क रड उघड सांगतो की त्याला त्या काळातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल अपराधी वाटतं, कुणी अजून ठाम आहे, आणि त्यांच्यावर चिडलेला जुना विद्यार्थी नेता टॉड गिटलिनही त्यात बोलतो. पहिल्या फिल्ममध्ये ही शंका येऊच शकत नव्हती. लपलेला माणूस शंका बोलून दाखवत नाही, त्याला ती परवडत नाही, त्याने सगळं आयुष्य त्या निर्णयावर लावलेलं असतं. त्यामुळे लपलेल्या माणसाकडून तुला निवेदन मिळेल, आत्मपरीक्षण फार क्वचित. माझा कल विचारशील तर मी थांबायच्या बाजूची आहे. आज साधा ऑडिओ, त्याच्याच ताब्यात राहील असा, आणि फिल्म दहा वर्षांनी. पण समोरचा माणूस उद्या मारला जाईल अशी भीती असेल तर थांबणं चूक ठरतं, तेही खरं.

माझी एक चूक सांगते, ती अजून माझ्या छातीवर आहे. राजकीय विषय नव्हता, जातीबाहेर लग्न करून पळालेलं जोडपं होतं, मुलीच्या घरचे शोधत होते. एका सामाजिक मालिकेसाठी त्यांची मुलाखत होती, एडिट माझं. चेहरे फ्रेमबाहेर, फक्त हात, ती मेथी निवडतेय. आवाजही बदलला. सगळं नीट केलं असं वाटलं. पण मागे लांबवर पिठाची गिरणी सुरू होती, ती जुनी इंजिनाची, पुक्-पुक् करणारी, आणि मला तो आवाज इतका आवडला की मी तो थोडा वर घेतला, जागा जिवंत होते म्हणून. अशी इंजिनं आता किती उरलीत? मुलीच्या चुलत्याने ते ऐकून तालुका ओळखला. त्या दोघांना रातोरात घर सोडावं लागलं, त्यांना काही झालं नाही, पण ज्या म्हातारीने त्यांना खोली दिली होती तिच्या दारात माणसं गेली. त्या म्हातारीची सही माझ्याकडच्या कुठल्याच कागदावर नव्हती. ती फिल्ममध्ये नव्हतीच.

इथे मला नेमकं काय म्हणायचंय ते तुझ्या लक्षात येईल. भूमिगत माणसाने धोका निवडलेला असतो, त्याला आसरा देणाऱ्याने अर्धवट निवडलेला असतो, आणि त्या घरातल्या पोराबाळांनी तर अजिबात नाही. लॉस एंजेलिसचं ते घर कुणाचं हे त्या फिल्मच्या एकाही फ्रेममध्ये नाही, मी ती फिल्म चांगली मानते त्यात हे मोठं कारण आहे.

हे मला शिकवलं ते कुंडलकडच्या एका आजोबांनी. प्रतिसरकारमधले, १९४३ ते ४६ नाना पाटलांच्या बरोबर भूमिगत राहून काम केलेले, मी भेटले तेव्हा नव्वदीला टेकलेले. शेणोलीची रेल्वे लूट त्यांनी अशी सांगितली की जणू काल झाली, नावानिशी, तारखेनिशी. मग त्यांनी सांगितलं की कडब्याच्या गंजीत लपलेले असताना त्या घरची बाई शेणाच्या पाटीत तळाला भाकरी ठेवून, वर शेण घालून, चावडीवरच्या शिपायासमोरून आणायची. मी लगेच विचारलं, कुठलं घर, आडनाव काय? आजोबा गप्प. स्वातंत्र्य मिळून साठ-पासष्ट वर्षं झालेली, आता कसली भीती, उलट त्या बाईचं नाव यायला हवं असं मी म्हटलं. ते म्हणाले, “तिनं मला जेवताना सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नका. ती आता नाही, मी विचारू कुणाला?” मी कॅमेरा बंद केला नाही, ते गप्प बसलेले आहेत तो अख्खा मिनिट माझ्याकडे आहे, आणि फिल्ममध्ये तो जसाच्या तसा ठेवलाय. त्या मिनिटात बाहेर एक बैलगाडी जाते. या वेळी तो आवाज ठेवायच्या आधी मी त्यांना ऐकवला, आणि त्यांनी मान हलवल्यावरच ठेवला.

बाकी तांत्रिक थोडं, घाईघाईत. पिक्सलेट केलेला, म्हणजे चौकोनी ठिपक्यांनी झाकलेला चेहरा सुरक्षित मानू नकोस, आणि आवाजाची नुसती पट्टी बदलली तर ती परत फिरवता येते, त्यापेक्षा शब्द लिहून काढून दुसऱ्या माणसाकडून वाचून घे आणि पडद्यावर तसं स्पष्ट लिही. २०२०ची चेचन्यावरची एक फिल्म आहे, वेलकम टू चेचन्या, तिथे जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी माणसांच्या चेहऱ्यांवर दुसऱ्या स्वयंसेवकांचे चेहरे डिजिटली बसवलेत, डोळ्यातलं पाणी सुद्धा टिकतं त्यात, पण ते खर्चिक काम आहे. फाइलमधली तारीख-ठिकाण वगैरे माहिती प्रत्येक कॉपीतून तपासून घ्यायची, क्लाउडवर आपोआप बॅकअप होणारा फोन शूटच्या ठिकाणी न्यायचाच नाही. क्रू जितका लहान तितका बरा, तिघं पुष्कळ झाले. आणि ज्यांच्यावर त्या चळवळीने वार केला असेल त्यांच्या घरीही जा, त्याच फिल्मसाठी, तेवढाच वेळ घेऊन, त्यांच्याकडेही दर दहा मिनिटांनी कट म्हण आणि काय काढायचंय ते विचार.

वकिलाशी बोलणं झालं की पुन्हा लिही, तू नेमकं कुणावर करतोयस ते मात्र इथे लिहू नकोस, मलाही सांगू नकोस.